प्रत माहितीस्तव

“पूस,” ठाणेदार म्हणाले.

टेबलाच्या काचेवर चहा सांडला होता. सांडला होता ठाणेदारांच्याच कोपरानं. माझा अर्ज वाचून त्यांनी झटक्यात बाजूला सारला आणि समोरच्या खुर्चीतल्या माणसाचा कप कलंडला. चहा काचेवरून त्या माणसाच्या पांढऱ्या पँटीकडे निघाला. मी कापड शोधायला इकडेतिकडे पाहिलं.

“कापड कायले पाह्यतं? हातात कागद हाये ना तुह्या.”

हातात अर्जाची दुसरी प्रत होती. शिक्का मारून पोच घ्यायची म्हणून आणलेली. दोन पानं, एका बाजूनं टाइप केलेली, समास सोडून, एकही खाडाखोड नसलेली.

मी पुसलं.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं यावरच आहे. कोणी माझा हात धरला नव्हता. मी स्वतः कागदाची घडी केली, चहावर ठेवली, दाबली, उलटवली आणि परत दाबली. “त्या कोपऱ्यात राह्यलं,” ठाणेदार म्हणाले. मी कोपराही पुसला. दारात माझी मुलगी प्रज्ञा उभी होती. पाय प्लॅस्टरमध्ये, काखेत कुबडी. ती सगळं पाहत होती.

प्रज्ञा तेव्हा एकोणीस वर्षांची. अमरावतीला राजापेठेत तीन मुलींसोबत खोली करून राहायची आणि पोलीस भरतीचा क्लास करायची. हो, पोलीस भरतीचाच. पहाटे उठून मैदानावर पळायची. आदल्या आठवड्यात एका मोठ्या गाडीनं तिच्या स्कूटीला मागून उडवलं. गाडीवाला थांबला नाही, पण पोरीनं पडल्या पडल्या नंबर वाचला. तो नंबर ज्याच्या गाडीचा, तो माणूस आता ठाणेदारांसमोर खुर्चीत बसून चहा पीत होता. आम्ही बाप-लेक तक्रार घेऊन उभे होतो.

चहा सांडायच्या आधी ठाणेदारांनी अर्ज दोनदा वाचला होता.

“हे कोनं टाइप केलं?”

“मी.”

“वकील हायेस?”

“नाही साहेब. अकोल्याला कोर्टाच्या बाहेर अर्ज टाइप करतो.”

“पूर्ण नाव सांग.”

सांगितलं. आडनावापर्यंत आलो तसे ते हसले. खुर्चीतल्या माणसाकडे पाहून म्हणाले, “म्हनूनच.” बस, एवढंच. जातीचा शब्द त्यांनी तोंडातून काढला नाही. शहाणा माणूस. नुसतं आडनाव विचारून मान हलवली, तर त्यावर कोणतंच कलम लागत नाही.

काच पुसून झाल्यावर, भिजलेला कागद हातात असताना, मी म्हणालो, “साहेब, गुन्हा दाखल करून घ्या.” तेव्हा त्यांनी उठून माझ्या डाव्या कानाखाली लगावली. मग मला दाराजवळ, जिथं चपला-बूट काढतात तिथं, फरशीवर बसवलं. दुपारचे बारा ते संध्याकाळचे सहा. गाडीवाला दुसरा चहा पिऊन निघून गेला. जाताना त्यानं बूट घातले ते माझ्या मांडीशेजारी बसून. आमचा अर्ज काही घेतला नाही.

त्या ठाण्याचं नाव मी लिहीत नाही. भीतीनं नाही. आता नाव लिहून कोणाला काही विचारता येत नाही, आणि ते कसं झालं, तेच सांगायला बसलोय.

एसटीनं अकोल्याला परत निघालो. बडनेरा मागे पडलं. मग खिडकीकडे तोंड करूनच प्रज्ञा म्हणाली, “बाबा, तुमी पुसलं कावून?”

माझा डावा कान सुन्न होता. पण हे ऐकू आलं.

मी दुसरंच बोललो. “पाह्य तू आता. असा अर्ज लावतो, का डायरेक्ट दिल्लीपर्यंत जाईन. तो मानूस स्वतः लिहून देईन, का हो, असं झालं.” मला तेवढंच हवं होतं. नुकसानभरपाई नको, माफी नको. कोण्या सरकारी कागदावर एवढं उमटावं, की हे घडलं आणि ते चूक होतं. तो कागद मला पोरीच्या हातात द्यायचा होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी तिला कागद कबूल केला.

कागद हा माझा धंदा. बावीस वर्षं झाली. आधी मशीनवर, आता पत्र्याच्या टपरीत कम्प्युटरवर. अकोला जिल्ह्यातला कोणी सांगेल, अर्ज लिहावा तर याच्याकडून. आणि माझी खासियत काय, तर अर्जाचा खालचा भाग. सही झाली की खाली डाव्या बाजूला मी टाइप करतो: प्रत माहितीस्तव सविनय सादर. मग यादी. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, विभागीय आयुक्त, पालकमंत्री, गृहमंत्री, मुख्यमंत्री, मानव अधिकार आयोग मुंबई, मानव अधिकार आयोग दिल्ली. गिऱ्हाईक बोट ठेवून यादी मोजायचं. आठ नावं असली की मान ताठ व्हायची, दहा असली की चालच बदलायची. ज्यांच्याकडे मी काम शिकलो ते उस्ताद सांगायचे, अर्जाची ताकद खाली असते, वर तर नुसतं रडगाणं. सगळ्या वऱ्हाडात असेच अर्ज होतात. सगळ्यांना कळवलं म्हणजे कोणीतरी हलेल.

प्रत गेलेल्या माणसानं नेमकं करायचं काय, हे एकाही गिऱ्हाईकानं मला कधी विचारलं नाही. मीही कोणाला विचारलं नाही.

माझा स्वतःचा अर्ज मी तीन दिवस टाइप केला. इतका चांगला अर्ज मी कोणासाठी केला नव्हता. वर एकच पत्ता, अमरावतीच्या वरिष्ठ साहेबांचा. खाली अकरा प्रती. सरकारी दवाखान्यातला कानाचा कागद जोडला. प्रज्ञानं प्रत्येक पाकिटावर पत्ते लिहिले. तिचं अक्षर सुंदर आहे.

त्याआधी अकोल्यातल्या आमच्या भागातल्या ठाण्यातही जाऊन आलो होतो. तिथले जमादार भला माणूस. पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली. म्हणाले, “घटना अमरावतीची हाये भाऊ. हद्द आपली नाई.”

“कान अकोल्याचा आहे,” मी म्हणालो.

ते हसले. मीही हसलो. हसण्यासारखंच होतं. कान एका हद्दीत आणि मार दुसऱ्या हद्दीत.

दीड महिन्यानं अमरावतीहून बोलावणं आलं. माझा अर्ज वरिष्ठांच्या कार्यालयातून ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव’ असा शेरा घेऊन एकेक पायरी उतरत खाली आला होता. त्याच ठाण्यात. त्याच टेबलावर. ज्यानं मारलं, त्याच्याकडेच चौकशी. तिथल्या जमादारानं जबाब आधीच लिहून ठेवला होता. शेवटची ओळ होती, ‘अर्जदाराचे समाधान झाले असून त्यांची कोणाविरुद्ध तक्रार नाही.’

“सही कर.”

मी केली नाही. फार मोठी हिंमत दाखवली असं समजू नका. पण बावीस वर्षं दुसऱ्यांचं म्हणणं टाइप केलेला माणूस मी, न म्हटलेल्या वाक्याखाली माझा हात जाईना. आतल्या खोलीतून ठाणेदारांचा आवाज आला.

“नको करू. फिरून फिरून कागद माह्याच जवळ येते.”

तरी मला आशा होती. दिल्ली होती, मुंबई होती. हा माणूस दिल्लीहून मोठा नाही, असं मी प्रज्ञाला सांगितलं.

दिल्लीचं पत्र तिसऱ्या महिन्यात आलं. आपली तक्रार अन्य प्राधिकाऱ्यास उद्देशून आहे, आयोगास केवळ प्रत पाठवलेली आहे, सबब दखल घेता येत नाही. मी ते चारदा वाचलं. नीट कळलं नाही. किंवा कळून घ्यायचं नव्हतं. दिल्लीला कुठं वेळ असतो, मुंबईचा आयोग आपला आहे, तो पाहील, असं म्हणून पत्र फाइलला लावलं. मुंबईहून काहीच आलं नव्हतं. आणि काही आलं नाही म्हणजे काम चालू आहे, हे मी गिऱ्हाइकांना बावीस वर्षं सांगत आलो होतो. “फाइल फिरून राहिली भाऊ.” माझं ठरलेलं वाक्य. ते मी स्वतःलाच ऐकवलं.

प्रज्ञाचं प्लॅस्टर निघालं. पळताना पाय ओढायचा. भरतीची मैदानी परीक्षा आली आणि गेली. प्रज्ञा परीक्षेला गेलीच नाही. “मले ते वर्दीच नाई पायजे,” म्हणाली. अमरावतीची खोली सोडून घरी आली आणि टपरीत माझ्या शेजारी बसून टायपिंग करू लागली. आधी आठवड्याला विचारायची, “आलं का मुंबईचं?” मग महिन्याला. मग विचारणं बंद केलं. ते बंद झालं, त्याचा मला मारापेक्षा जास्त त्रास झाला.

शेवटी मीच मुंबईला फोन लावला. तीन दिवस लावला तेव्हा एका बाईंनी उचलला. आवाजावरून तरुण. नीट बोलल्या, घाई केली नाही. नाव विचारलं, तारीख विचारली, शोधून सांगितलं.

“काका, तुमचं आलंय आमच्याकडे. पण ती प्रत आहे. प्रतीवर तक्रार नोंदवत नाही. मूळ तक्रार आयोगाच्या नावानं करावी लागते.”

“आजच करतो मॅडम. आत्ता टाइप करतो.”

“घटना कधीची म्हणालात?”

मी परत तारीख सांगितली. त्यांनी फोनवरच महिने मोजले.

“काका, एक वर्ष होऊन गेलं ना. घटनेपासून एका वर्षाच्या आत यावं लागतं. त्यानंतर आयोगाला चौकशी करता येत नाही. कायद्यातच आहे तसं.”

वर्ष होऊन नऊ दिवस झाले होते.

तरी मी तक्रार पाठवली. एकच पत्ता, एकही प्रत नाही. उत्तर लवकर आलं, यावेळी फार वाट पाहायला लावली नाही. मुदतबाह्य. एका शब्दात माझी पोर, माझा कान, तो चहा, सगळं संपलं. बाईंचा राग येईना, त्यांनी कायदा सांगितला. ठाणेदाराचा तर येतच होता. पण त्या दिवशी सगळ्यात जास्त राग आला तो टपरीतल्या माझ्या खुर्चीचा. बावीस वर्षं मी आयोगाला प्रती पाठवत होतो आणि आयोगाचा कायदा एकदाही उघडून पाहिला नव्हता. ओळखीच्या वकिलाकडून पुस्तक आणलं. पातळ पुस्तक. दुपारभरात वाचून झालं. सगळं लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी कम्प्युटरमधलं ‘पोलीस’ नावाचं फोल्डर उघडलं. माझ्या हातचे अर्ज. कोणाला ठाण्यात पट्ट्यानं मारलेलं, कोणाची बाई रात्रभर बसवून ठेवलेली, कोणाचं म्हातारं माणूस ढकलून दिलेलं. प्रत्येक अर्जाखाली माझी सुंदर यादी. ही माणसं नंतर टपरीवर यायची. उन्हात उभी राहून विचारायची, “आलं का काही?” मी मान वर न करता म्हणायचो, “फाइल फिरून राहिली.” ठाणेदारानं माझ्या अर्जानं एक टेबल पुसून घेतलं. मी या सगळ्यांचे अर्ज वाया घालवले होते, आणि कौतुकही करून घेतलं होतं. शिकलेला माणूस म्हणून मला रामराम, जयभीम घालणारी माणसं. मला टपरीत बसवेना.

प्रज्ञा शेजारून तारखा पाहत होती. एकाएकी तिनं पडद्यावर बोट ठेवलं.

“बाबा, ह्या बाईचं वर्ष नाई भरलं अजून. बारा दिवस हायेत.”

कमलाबाई. बडनेऱ्याजवळच्या वस्तीत राहणाऱ्या. मुलगा नांदगाव पेठेच्या एका कापड कारखान्यात यंत्रावर होता. चोरीच्या संशयावरून त्याला उचललं आणि तीन दिवस ठेवून सोडून दिलं. ठाणं तेच, माझंच. सुटून आला तेव्हा उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती. अमरावतीतले टाइप करणारे त्या ठाण्याचं नाव ऐकून मशीन बिघडली म्हणायचे, म्हणून त्यांचा भाऊ त्यांना अकोल्याला माझ्याकडे घेऊन आला होता. मी अर्ज केला होता. बारा प्रती.

आम्ही दोघं त्याच दिवशी गेलो. मुलगा ओट्यावर बसला होता, डाव्या हातानं जेवत होता. कमलाबाईंनी मला ओळखलं, आत नेलं, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला अर्ज काढून दाखवला. पोस्टाच्या सगळ्या पावत्या टाचणीनं लावलेल्या. चेहरा खुललेला.

“दिल्लीले गेला ना भाऊ आपला अर्ज? फाइल फिरून राह्यली ना?”

माझंच वाक्य.

“नाही बाई. कुठंच गेला नाही. मी चुकीचा लिहिला.”

त्या अर्जाकडे पाहत राहिल्या. मग माझ्याकडे.

“एवढा शिकेल मानूस तू. अन तुले मालूम नोतं?”

खाली मान घालून उभा राहिलो. कमलाबाई मला रागावल्या नाहीत, चहाही विचारला नाही. बरोबर केलं. नुसतं म्हणाल्या, “मंग लिव आता.”

तिथंच लिहिला. प्रज्ञानं तिच्या अक्षरात उतरवला, मी सांगितला. वर मुंबईच्या आयोगाचं नाव. पहिल्याच ओळीत घटनेची तारीख. खाली कमलाबाईंचा अंगठा. त्याखाली कोरा कागद.

“अन खालचे नावं?” त्या घाबरून म्हणाल्या.

“खाली कोणी नको.”

महिन्याभरानं त्यांच्या तक्रारीला नंबर पडल्याचं पत्र आलं. पोलिसांकडून अहवाल मागवला होता. पुढच्या पंधरवड्यात ठाण्यातून कमलाबाईंना जबाबाला बोलावणं आलं. काय लिहून ठेवलेलं असेल, हे मला ठाऊक होतं. आम्ही तिघं गेलो. या वेळी प्रज्ञा दारात थांबली नाही, आत आली.

तेच टेबल, तीच काच, तेच ठाणेदार. जमादारानं कागद पुढं केला. ‘समाधान झाले आहे.’ आणि शाईचा डबा.

“आंगठा लाव बाई,” ठाणेदार म्हणाले.

“बाई लावणार नाही,” मी म्हणालो.

त्यांनी मला निरखून पाहिलं. ओळखलं.

“तू? बस तिकडं.” त्यांनी दाराजवळच्या चपलांकडे बोट केलं.

खरं सांगतो, गुडघे वाकायलाच निघाले होते. शरीराला जागा आठवते. मी टेबलाची कड धरली.

“बसत नाही. मारायचं असेल तर मारा साहेब. मागचं माझं वर्ष संपलं. आज मारलं तर आजपासून नवं लागतं. या वेळी मी पत्ता एकच लिहीन.”

ठाणेदार उठले. प्रज्ञानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि वहीत वेळ लिहिली. ते तिच्या वहीकडे पाहत उभे राहिले. मग बसले.

त्यांनी मारलं नाही. याला मी जिंकणं म्हणत नाही. त्यांनी आम्हाला संध्याकाळपर्यंत उभं ठेवलं, कमलाबाईंचा खरा जबाब काही घेतला नाही आणि सहाला हाकलून दिलं. अहवालात काय लिहून पाठवलं, ते अजून कळलेलं नाही. त्या मुलाची बोटं मिटत नाहीत. गाडीवाल्याची गाडी राजापेठेतून फिरते. माझी तक्रार बंद आहे आणि बंदच राहणार आहे. प्रज्ञाला कबूल केलेला कागद मी कधीच देऊ शकणार नाही.

परतीच्या एसटीत मी तिला उत्तर दिलं. एक वर्ष, चार महिने उशिरा.

“भेवलो म्हनून पुसलं.”

“मले मालूम होतं,” ती म्हणाली. “तुमी सांगत नोते.”

आता टपरीत आम्ही दोघं बसतो. यादीची ती फाइल मी कम्प्युटरमधून काढून टाकली. पोलिसांचा मार खाऊन कोणी आलं की रडगाणं ऐकायच्या आधी प्रज्ञा विचारते, कोणत्या तारखेला? मग ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यांचं वर्ष संपायची तारीख लाल शाईनं मांडते. फोल्डरमधल्या ज्यांची मुदत टळून गेली, त्यांच्या घरी मी एकेक रविवारी जातो आणि मी चुकलो हे तोंडावर सांगतो. काहीजण शिव्या देतात. ऐकून घेतो. अजून बरीच घरं राहिली आहेत.

काही गिऱ्हाइकं अजून हट्ट धरतात. भाऊ, खाली चार नावं टाका ना, वजन पडते. मी टाकत नाही. सांगतो, वर एक नाव आहे, त्याचं उत्तर पाहिजे. नाही आलं तर महिन्यानं परत त्यालाच लिहू. परत नाही आलं तर परत. तारीख संपायच्या आत, त्याच माणसाला, त्याच पत्त्यावर.